केंटकीच्या कायद्याने संरक्षण नेमकं कुणाला दिलं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्या वाचकांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुमचं मोठं मूल २२ वर्षांचं आहे. मुलगा म्हणून वाढवलं, पण गेली दोन वर्षं ते स्वतःला मुलगी म्हणतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन्स घेतं. अर्धवेळ नोकरी करतं, टॅक्स स्वतःचा स्वतः भरतं आणि अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, आहे. या वर्षी मेडिकेडने हार्मोन्सचे पैसे द्यायचं थांबवलं. त्यातच ओळखीच्या एकांनी ‘मुलांना परत वळवणाऱ्या’ एका कौन्सेलरचं नाव सुचवलं, आणि नव्या कायद्यात समुपदेशनाला संरक्षण आहे असं सांगितलं. तुमचे प्रश्न तीन: मेडिकेडच्या नकाराविरुद्ध अपील करता येईल का, कायद्याचं संरक्षण आहे म्हणजे हा कौन्सेलर सरकारमान्य समजायचा का, आणि पुण्याच्या नणंदबाई म्हणतात तसं भारतात नेऊन डॉक्टरांना दाखवावं का.

मी या राज्यात १९ वर्षं क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करते. वकील नाही, पण मेडिकेडची नकाराची पत्रं वाचणं आणि घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून बोलतं करणं, हे माझं रोजचं काम आहे. यापुढे मी ‘तुमची लेक’ म्हणेन, कारण ती स्वतःला तसं म्हणते. तुमच्या तोंडी तो शब्द अजून येत नसेल, तर त्याबद्दल पुढे बोलू.

आधी कायदा. तुम्ही ऐकलाय तो हाऊस बिल ४९५. त्याची सुरुवात औषधांपासून झाली नव्हती, समुपदेशनापासून झाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर अँडी बशीर यांनी एक आदेश काढला. १८ वर्षांखालच्या मुलांवर कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलून टाकण्याच्या हेतूने केलेले ‘उपचार’, करण्यासाठी सरकारी पैसा वापरायचा नाही, आणि परवानाधारक व्यावसायिकाने तसं केलं तर त्याच्या परवाना मंडळाने कारवाई करावी, असा त्याचा गाभा होता. या प्रकाराला वैद्यकीय किंवा शास्त्रीय आधार नाही, अशी गव्हर्नरची भूमिका होती. विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमताला ती मान्य नव्हती. कायदे करणं आमचं काम, गव्हर्नरचं नव्हे, आणि श्रद्धाळू कौन्सेलरच्या बोलण्याच्या हक्कावर ही गदा आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून २०२५च्या अधिवेशनात हा आदेश निष्प्रभ करणारं विधेयक आलं. सिनेटमध्ये ते पोचलं तेव्हा त्याला शेवटी शेवटी आणखी एक कलम जोडलं गेलं: मेडिकेडचा पैसा लिंगभावाशी संबंधित हार्मोन्सवर आणि शस्त्रक्रियांवर खर्च करता येणार नाही. गव्हर्नरनी व्हेटो केला, म्हणजे विधेयक नामंजूर केलं, आणि २७ मार्च २०२५ रोजी विधिमंडळाने तो फिरवला.

व्हेटो इतक्या सहज कसा फिरतो, असं आपल्याकडचे लोक नेहमी विचारतात. वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागतात. केंटकीत दोन्ही सभागृहांमध्ये निवडून आलेल्या सदस्यांचं साधं बहुमत पुरतं, आणि इथे खालच्या सभागृहातल्या १०० पैकी ८० जागा रिपब्लिकन पक्षाकडे आहेत. २०२३ मध्ये सिनेट बिल १५० असंच झालं होतं. अल्पवयीनांना यौवन थांबवणारी औषधं, हार्मोन्स आणि शस्त्रक्रिया देण्यावर त्याने बंदी आणली. तेव्हाही व्हेटो झाला, तेव्हाही तो फिरवला गेला. टेनेसीच्या अशाच कायद्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८ जून २०२५ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा कायम ठेवला. त्यामुळे अल्पवयीनांच्या औषधोपचारांबाबत राज्यांचा हात आज मोकळा आहे.

या दोन कायद्यांमधला फरक बातम्यांमध्ये हरवतो. २०२३चा कायदा मुलांसाठी होता. मुलांच्या बाबतीत जगभरचे तज्ज्ञसुद्धा एकमताचे नाहीत. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या कॅस अहवालाने अल्पवयीनांच्या औषधोपचारांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं, तर अमेरिकेतल्या प्रमुख वैद्यकीय संघटनांनी हे उपचार उपलब्ध असले पाहिजेत अशी भूमिका घेतली. त्या वादात प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंना आहेत, हे मी मान्य करते. पण हाऊस बिल ४९५ मधल्या मेडिकेडच्या कलमाला वयाची अट नाही. तुमची २२ वर्षांची लेक, ४० वर्षांचा ट्रकचालक, ६० वर्षांची सेवानिवृत्त बाई, जो कोणी मेडिकेडवर आहे त्याला ते लागू आहे. अल्पवयीनांच्या संरक्षणाचा युक्तिवाद इथे पोचतच नाही. उरतो तो करदात्यांच्या पैशाचा युक्तिवाद, आणि तो पैसा फक्त गरिबांच्या बाबतीत मोजला जातो. तेच औषध, तोच डॉक्टर, पण खासगी विमा असलेल्या माणसाला या कलमाने काही होत नाही.

आता दोन्ही कलमं शेजारी ठेवून पाहा. अल्पवयीनांच्या कन्व्हर्जन थेरपीला सरकारी पैसा नाही, असं सांगणारा आदेश गेला. प्रौढांच्या हार्मोन्सना सरकारी पैसा नाही, असं सांगणारा कायदा आला. ज्याला प्रमुख व्यावसायिक संघटना घातक म्हणतात त्यावरचा निर्बंध उठला आणि ज्याला त्या उपचार म्हणतात त्यावर बसला, तोही एकाच विधेयकात. मला हे चुकीचं वाटतं. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांकडे बघून मी हे म्हणते आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळते, कारण तिथे घाई केली तर नुकसान भरून येत नाही.

कायद्यातलं ‘संरक्षण’ हे कौन्सेलरला आहे, ताई. खुर्चीत समोर बसलेल्या माणसाला नाही. सरकार या कौन्सेलरला अमुक बोलतोस म्हणून अडवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याची पद्धत उपयोगी आहे, सुरक्षित आहे किंवा कुणी तपासली आहे, असं त्यात कुठेही नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने लैंगिक कल बदलण्याच्या प्रयत्नांबद्दल २००९ मध्ये, आणि लिंगभाव बदलण्याच्या प्रयत्नांबद्दल २०२१ मध्ये विरोधाचे ठराव केले. ते आजही उभे आहेत. चुकीच्या उपचाराने इजा झाली तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, तोही मार्ग बंद झालेला नाही. आणि आणखी एक गोष्ट: गव्हर्नरचा आदेश मुळात १८ वर्षांखालच्यांसाठी होता. तुमची लेक त्याच्या छत्रात कधीच नव्हती. तिचं खरं संरक्षण वेगळंच आहे. ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय तिला कुणी कुठेही ‘दाखवू’ शकत नाही. तुम्हीही नाही.

हा वाद केंटकीपुरता नाही. परवानाधारकांनी अल्पवयीनांवर अशी थेरपी करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये पहिल्यांदा केला. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत त्यावर रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी सही केली. २०२५ पर्यंत वीसहून अधिक राज्यांत असे कायदे झाले होते. न्यायालयांचं मात्र एकमत नव्हतं. पश्चिम किनाऱ्याचं अपील न्यायालय म्हणालं की हा उपचार आहे आणि उपचारांवर राज्य नियम घालू शकतं. फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येतं ते अपील न्यायालय २०२० मध्ये म्हणालं की हे बोलणं आहे आणि बोलण्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे. कोलोरॅडोच्या २०१९च्या अशाच कायद्याला केली चाइल्स या परवानाधारक कौन्सेलरने आव्हान दिलं. त्या खटल्याची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी झाली. प्रश्न तोच होता: बंद खोलीत कौन्सेलर जे बोलतो ते भाषण की उपचार?

माझं उत्तर मी अनुभवातून देते. सर्जनच्या हातात सुरी असते, माझ्या हातात शब्द. सुरीने जखम होते म्हणून ती फक्त शिकलेल्या हातात देतात. शब्दाने जखम होत नसती, तर माझ्यासारखीला परवान्याची, हजारो तासांच्या देखरेखीखालच्या कामाची गरजच पडली नसती. त्याच वेळी चाइल्स यांच्या बाजूच्या लोकांची एक भीती मी खोटी म्हणणार नाही. गोंधळलेलं १५ वर्षांचं मूल खोलीत आलं आणि ‘मला खात्री नाही’ म्हणालं, तर कायद्याच्या धास्तीने कौन्सेलरने गप्प बसावं, हेही वाईटच. अशा मुलाला मोकळेपणाने विचार करायला जागा लागते, आणि चांगला कायदा ती जागा ठेवतो. पण मोकळा विचार वेगळा आणि मुक्कामाचं ठिकाण आधीच ठरवून हाकणं वेगळं.

म्हणून त्या कौन्सेलरला, किंवा कुठल्याही कौन्सेलरला, फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं काम संपेल तेव्हा, ते यशस्वी झालं असं तुम्ही कशावरून म्हणाल?’ मुलाला भेटण्याआधीच ‘तो परत मुलासारखा वागायला लागेल’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा. ‘ती पूर्णपणे बदलून घेईल’ असं उत्तर आलं, तरी ठेवा. झोप लागते का, जेवते का, कामावर जाते का, मरणाचे विचार कमी झाले का, घरात कुणाशी तरी बोलते का, असं जो म्हणेल त्याच्याकडे पहिली भेट घ्या. तीही लेकीला पटली तर.

काही वर्षांपूर्वी एक मराठी कुटुंब माझ्याकडे आलं होतं. ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते. आधी ते अशाच एका ठिकाणी आठ महिने जात होते. मूल तिथे छान बोलायचं. घरी येऊन वडिलांना हवं ते सांगायचं. आई म्हणाली, ‘किती शहाणं झालं होतं हो!’ ते शहाणपण नव्हतं, भीती होती. आठ महिन्यांत मूल एकच गोष्ट पक्की शिकलं: आईबाबांशी खरं बोलायचं नाही. त्याच काळात त्याने स्वतःला इजा करून घ्यायला सुरुवात केली आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही. पुढची दोन वर्षं आमची लिंगभावावर बोलण्यात गेलीच नाहीत. मुलाने पुन्हा खरं बोलावं, एवढ्यासाठीच गेली.

आपल्या घरांमध्ये ही गोष्ट आणखी एका जागी अडते, आणि इंग्रजीतली पुस्तकं तिथे काही मदत करत नाहीत. इंग्रजीत माणूस ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवले’ एकाच वाक्यात सांगतो, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मराठीत क्रियापद सगळं बोलून जातं. म्हणून अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं मित्रांना वर्षभर आधी सांगितलेली गोष्ट घरी सांगू शकत नाहीत. ती मराठी बोलणंच टाळायला लागतात, आणि आईबाबांना वाटतं पोरगं भाषा विसरलं. तुम्ही लिहिलंय की लेक हल्ली आजीशी फोनवर फक्त इंग्रजीत बोलते. मला वाटतं तिला मराठी येईनाशी झालेली नाही. ‘मी येतो’ तिच्याने म्हणवत नाही, आणि ‘मी येते’ म्हणायची परवानगी तिला अजून कुणी दिलेली नाही.

तुम्हाला ‘ती’ म्हणणं आज जड जात असेल तर आपल्या भाषेत एक जागा आहे. लेकरू. बाळ. ‘जेवलं का माझं बाळ?’ असं तुम्ही २२ वर्षं म्हणत आला असाल, आणि त्या वाक्यात कुणाचंच काही चुकत नाही. मी अनेक आयांना इथून सुरुवात करायला सांगितलंय. काही आठवड्यांत ‘जेवलीस का’ आपोआप तोंडात आलं, असं त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी नंतर सांगितलं. सगळ्यांनी नाही. एका बाबांना चार वर्षं लागली, पण त्या चार वर्षांत त्यांनी ‘बाळ’ म्हणणं सोडलं नाही.

भारतात नेण्याबद्दल. नणंदबाईंचा हेतू चांगला असेल, पण त्यांची माहिती जुनी आहे. मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी २०२१ पासून एका प्रकरणात सलग आदेश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे या एका बाबतीत पुण्यातला मनोविकारतज्ज्ञ आज केंटकीतल्या कौन्सेलरपेक्षा जास्त बांधील आहे. तरीही असं करणारे तिथे मिळतात, आणि बहुतेकदा ते डॉक्टर नसतात, म्हणून आयोगाचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सुट्टीला म्हणून नेऊन तिथे भलतंच काही करायचं, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आजच काढून टाका. लेकीला आजीला भेटायला जायचं असेल तर जाऊ दे, तिने औषधं आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत ठेवावी.

आता पैसे आणि अपील.

मेडिकेडने काही नाकारलं की लेखी नोटीस यायला हवी आणि सुनावणी मागण्याचा हक्क असतो. पण संघीय नियमांतच एक अपवाद आहे: कायदा बदलल्यामुळे सगळ्यांचाच एखादा लाभ गेला असेल आणि तक्रार फक्त तेवढीच असेल, तर सुनावणी द्यायला राज्य बांधील नाही. त्यामुळे ‘हा कायदा अन्यायकारक आहे’ एवढ्या मुद्द्यावर केलेलं अपील पुढे सरकणार नाही. ती लढाई न्यायालयातली. नोटीशीवर नकाराचं कारण काय लिहिलंय ते मात्र शब्दन् शब्द वाचा. कायद्याने हार्मोन्स आणि शस्त्रक्रिया अडवल्या आहेत. तिचं समुपदेशन, नैराश्याचं औषध, नेहमीच्या तपासण्या त्यात येत नाहीत. असं काही हार्मोन्सच्या ओघात नाकारलं गेलं असेल, तर नोटीशीवरच्या मुदतीत सुनावणी मागा. असे नकार येतात, आणि पत्र नीट वाचणाऱ्याला ते परत मिळवता येतात.

डॉक्टरांना ‘दुसरं काहीतरी निदान लिहा’ असं सांगू नका. मी हे कळवळून सांगते. त्यात डॉक्टरचा परवाना जातो, मेडिकेडची फसवणूक हा गुन्हा आहे, आणि भोगायला लागतं ते लेकीला.

औषधाचा खर्च तुम्ही समजताय तितका मोठा नसावा. जेनेरिक एस्ट्रॅडिओलच्या (एस्ट्रोजेन या हार्मोनच्या) गोळ्या स्वस्त औषधांमध्ये मोडतात. विम्याशिवायचा भाव दोन-तीन दुकानांत विचारा, एकाच शहरात तो बराच वेगळा निघतो. डॉक्टरांची भेट आणि रक्ततपासण्या महाग पडतात. उत्पन्नाप्रमाणे फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं राज्यभर आहेत, तिथे चौकशी करा. औषध एकदम तोडू नये, आणि इंटरनेटवरून बिनप्रिस्क्रिप्शनचं मागवू नये. तपासणीशिवाय घेतलेल्या एस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: लेकीच्या बाबांची खासगी कंपनीत पूर्णवेळ नोकरी आहे. अमेरिकेत मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या नोकरीतल्या विम्यावर राहू शकतं. ते वेगळं राहत असलं, कमावत असलं, टॅक्स स्वतः भरत असलं तरीही. हाऊस बिल ४९५ मधलं पैशाचं कलम मेडिकेडचं आहे, बाबांच्या खासगी विम्याला ते लागू नाही. मोठ्या कंपन्या बहुतेकदा सेल्फ-फंडेड विमा ठेवतात, म्हणजे दाव्यांचे पैसे कंपनी स्वतः देते. अशा योजनांवर राज्यांचे विमा कायदे चालत नाहीत, संघीय कायदा चालतो. म्हणून एचआरला लेखी दोन गोष्टी विचारा: योजना सेल्फ-फंडेड आहे का, आणि लिंगभावाशी संबंधित उपचार वगळले आहेत का. एचआरला कारण सांगायची गरज नाही. योजनेची पूर्ण पुस्तिका मागितली तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या ‘वगळलेल्या सेवा’ या भागात मिळेल.

राज्याच्या काइनेक्ट बाजारातून विमा घेण्याचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. जी व्यक्ती मेडिकेडला पात्र आहे तिला तिथे अनुदान मिळत नाही. शिवाय जून २०२५ मध्ये आलेल्या संघीय नियमानुसार २०२६ पासून हे उपचार त्या बाजारातल्या योजनांच्या अत्यावश्यक सेवांमध्ये मोजले जाणार नाहीत. बाबांच्या विम्यावर आली तरी पात्र असेपर्यंत मेडिकेडही ठेवता येतं. आधी खासगी विमा पैसे देतो, राहिलेलं मेडिकेड बघतं, नियमात बसेल तेवढंच.

घाई इथे आहे. मेडिकेडने एक औषध नाकारलं म्हणून वर्षाच्या अधल्यामधल्या दिवशी बाबांच्या विम्यात शिरता येत नाही. पूर्ण मेडिकेड गेलं असतं तर तो हक्क मिळाला असता. त्यामुळे वर्षाअखेरची नोंदणीची मुदतच गाठावी लागेल, आणि बऱ्याच कंपन्यांमध्ये ती नोव्हेंबरच्या आसपास संपते. आज संध्याकाळी बाबांना त्यांच्या कंपनीची तारीख बघायला सांगा. अर्ज भरण्याआधी लेकीला विचारा, कारण विम्याची हिशेबपत्रं बाबांच्या नावाने घरी येतील आणि त्यांत तिच्या औषधांचा उल्लेख असू शकतो. पत्रं थेट तिच्याकडे पाठवण्याची विनंती विमा कंपनीला करता येते. ती हो म्हणाली तर नाव घाला, आणि पुस्तिका हातात आली की तो ‘वगळलेल्या सेवा’चा भाग मला पाठवा. मी वाचून कळवते.